गुणाकाराला भीड नसते

दोनाचा सदुसष्टावा घात उणें एक, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, ही मूळ संख्या आहे, असें फ्रेंच धर्मगुरु मर्सेन यांनीं १६४४ सालीं लिहिलें. १८७६ सालीं ल्यूका यांनीं तें खोटें ठरविलें. पण अवयव त्यांसही सांपडले नाहींत. ते १९०३ सालीं अमेरिकन प्राध्यापक कोल यांनीं दाखविले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें उत्तर उतरवून घेणें म्हणजे गणित नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. थोरामोठ्यांचें लिहिणेंही चुकतें. गुणाकार मात्र कोणाची भीड धरीत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, वरील अवयवही केवळ आमच्या शब्दावर मानूं नका. स्वतः गुणून पाहा. आणि पालकांनीं “गुण किती मिळाले ?” याआधीं “ताळा पाहिलास का ?” असें विचारावें.