सैतानाचें बुजगावणें

२२ जुलै २०२५ रोजीं बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’चा गायक ऑझी ऑस्बर्न वारला, तेव्हां कित्येक मृत्युलेखांत त्याच्या गाण्यापेक्षां त्यानें १९८२ सालीं रंगमंचावर चावलेल्या वटवाघळासच अधिक मान मिळाला. या चौघांचें संगीत ऐकण्याचे श्रम ज्यांस नकोत, त्यांस ‘सैतानी’ हें विशेषण फार सोयीचें पडतें. त्या विशेषणाचाच समाचार घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघालेली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका घ्या. हेवी मेटल या प्रकाराचा आरंभ पुष्कळ जण तिच्यापासूनच धरतात. प्रथम पाऊस, घंटा, आणि मग गिटारवर तीन स्वर: षड्ज, तार षड्ज व तीव्र मध्यम. षड्ज-तीव्र मध्यम या अंतरास युरोपांत सैतानाचें नांव चिकटलें आहे! यमनाचे पहिले पाठ घेणारें आमचें पोर तंबोऱ्याच्या षड्जावर रोज तीव्र मध्यम लावतें. त्याच्या घरांत आजवर कोणतें भूत शिरलें? येथें भीति उपजते ती त्या स्वरांच्या अतिविलंबित चालीनें आणि मध्यमावरील कंपानें. आणि त्या गीतांतील माणूस तरी सैतानाची आळवणी करतो काय? तो सैतानाला पाहून भेदरतो व देवाचा धांवा करतो! वेष्टनाच्या आंतील उलटा क्रूस तर कंपनीनें या चौघांस न विचारतां छापला. दुकानदारीचें पाप वादकांच्या माथीं मारणारी ही कसली टीका?

या संगीताचें मूळ शोधावयाचें तर कारखान्यांत शोधावें. टोनी आयोमी सतरा वर्षांचा असतां पत्र्याच्या कारखान्यांतील यंत्रानें त्याच्या उजव्या हाताच्या मध्यमा व अनामिका यांचीं टोकें तोडलीं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणाराच हात अधू झाला. आगींत हात भाजूनहि वाजवीत राहिलेल्या जँगो राइनहार्टची तबकडी ऐकून त्यानें उमेद धरली, प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणें केलीं, त्यांवर कातडें चिकटविलें, पातळ तारा चढविल्या. ऑक्टोबर १९६९ मध्यें लंडन येथें एका दिवसांत ही ध्वनिमुद्रिका वाजवून झाली, ती याच हातानें. तिच्यांतील जडपणा कोठून आला, हें विचारण्यास मांत्रिक कशाला हवा?

दुसऱ्या बाजूवरील ‘वॉर्निंग’ दहा मिनिटांहून लांब असून त्यांतील गिटारवादन पाल्हाळिक आहे, हें आम्ही खुशाल मान्य करतों. टीकाकारांनीं तेथें बोट ठेवावें, आमची ना नाहीं. मात्र त्यासाठीं तें बसून ऐकावें लागेल.