अपग्रेडनंतर वायफाय गेलं? लगेच नवीन लॅपटॉप घेऊ नका!

व्हिडिओत घाईत सांगितलं, ते इथे नीट लिहितो.

दुकानातला सात वर्षं जुना लॅपटॉप मी विंडोज १० वरून ११ वर नेला, तोही शनिवारी संध्याकाळी. वायफाय गायब, बिलाचा प्रिंटर बंद. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी वहीत बिलं लिहितोय! रिपेअरवाला म्हणाला, "जुना झालाय, नवीनच घ्या." म्हणजे चाळीस हजार गेले. तेवढ्यात माझा दिवाळीचा माल भरतो!

माझं स्पष्ट मत आहे, अशा वेळी मशीन बहुतेकदा बिघडलेलं नसतं, ड्रायव्हर जुळत नसतो. मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळेल. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा. जिथे पिवळं चिन्ह दिसेल, त्याचा ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून, आपला मॉडेल नंबर टाकून घ्या. प्रिंटरचंही तसंच. माझं काम तासाभरात झालं, खर्च शून्य. नाहीच जमलं तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून जुन्या विंडोजवर परत जाता येतं, पण १० दिवसांच्या आत.

अपग्रेड टाळा असं मी म्हणत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपलाय. पण दुकान बंद असेल त्या दिवशी करा. आधी बिलिंगचा बॅकअप आणि वायफायचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा.

भांडवल मालात फिरू द्या, घाबरून घेतलेल्या लॅपटॉपमध्ये अडकवू नका.