सुरक्षा अडली वीजबिलावर

जानेवारी २०१४ मध्ये ओपनबीएसडी या सुरक्षेसाठी नावाजलेल्या मुक्त संगणक प्रणालीवर बंद पडण्याची वेळ आली होती. कारण काय, तर २०,००० डॉलरचे वीजबिल! याच प्रकल्पातले ओपनएसएसएच जगभरच्या सर्व्हरवर चालते. ते फुकट वापरणाऱ्या बड्या कंपन्यांना हे बिल म्हणजे चहापाण्याचा खर्च.

कॅनडातील कॅलगरीत थिओ डी राट यांच्या तळघरात जुन्या-नव्या यंत्रांचे रॅक अहोरात्र चालत. जुनी यंत्रे भंगारात काढा, असा सल्ला अनेकांनी दिला. पण वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरवर तोच कोड चालवला की नेहमीच्या संगणकावर लपून राहणाऱ्या चुका उघड्या पडतात. एमुलेटरवर त्या सगळ्या सापडत नाहीत. हौसेचा खर्च नव्हता तो.

अखेर पैसे दिले रुमानियातील एका बिटकॉइन व्यावसायिकाने. मायक्रोसॉफ्टची मोठी देणगी आली ती २०१५ मध्ये.

भीमा कोरेगाव खटल्यातील रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली घुसवल्याचा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला, तेव्हा आपण सगळेच हादरलो. दान आपल्याला नवे नाही. विहारासाठी पावती फाडतो, जयंतीला वर्गणी देतो. पण सुरक्षेची अशी साधने घडवणाऱ्यांना कधी शंभर रुपये पाठवले? आम्ही तरी नाही.