जिद्दीने मज्जारज्जू जुळत नाही

मंडळी, एका वाक्याने सध्या माझं डोकं फिरलंय. "जिद्द असेल तर माणूस काहीही करू शकतो." २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' आला, मुरलीकांत पेटकरांचं नाव घरोघरी पोचलं, फार चांगलं झालं. पण कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला भेटायला जाणारा जो तो आता हे वाक्य फळांच्या पिशवीसारखं बरोबर नेतो.

माझा एक जुना विद्यार्थी परांचीवरून पडला. मणका मोडला. ऑपरेशन झालं, स्क्रू आणि सळ्या घालून मणका पक्का केला. पाय मात्र हलत नाहीत. नातेवाईक त्याला सांगतात, "पेटकरांना तर गोळ्या लागल्या होत्या! तूच मनावर घेत नाहीस." इतकं निर्दय बोलणं इतक्या मायेने बोललेलं मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

आता थोडं शिकवतो, सवय जात नाही. आमच्या सोलापुरात पाठीच्या सगळ्या दुखण्यांना 'नस दबली' हे एकच नाव आहे, म्हणूनही सांगायला हवं. मणका हे हाड, आणि हाड जुळतं. आतून जातो तो मज्जारज्जू. करंगळीएवढा जाड, मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटिमीटर लांब. हातापायातली नस तुटली तर ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर पुन्हा वाढू शकते. मज्जारज्जूतले तंतू तसे वाढत नाहीत. स्पेनच्या काहाल या शास्त्रज्ञाने १९२८ मध्येच हे मांडलं होतं. सर्जन हाड स्थिर करतो, दाब काढतो. तुटलेला रज्जू जोडणं आजही कुणाला जमत नाही. २०२३ मध्ये लोझानच्या संशोधकांनी मेंदू आणि मज्जारज्जू यांत यंत्राचा दुवा बसवून एका डच माणसाला चालवलं खरं, पण त्याचे काही तंतू शाबूत होते, आणि तो अजून प्रयोगच आहे.

मग पेटकर? अहो, ते काही पायांच्या जोरावर जिंकले नाहीत! १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली, कमरेखालचं बळ गेलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्ण मिळवलं ते हातांनी. त्यांची जिद्द मोठीच. पण तिच्या पाठीशी सैन्याचं रुग्णालय होतं, उपचार म्हणून पाण्यात उतरवणारी माणसं होती, विजय मर्चंट यांची मदत होती, पुढे टेल्कोतली नोकरी होती. (पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडलं. सरकारपुढे जिद्द चालत नसावी.)

इंग्लंडात १९४४ मध्ये गटमन डॉक्टरांनी स्टोक मॅन्डव्हिलला काम सुरू केलं. तोवर असे बहुतेक रुग्ण दोन-तीन वर्षांत जात, पाठीला पडलेल्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने. गटमननी भाषणं दिली नाहीत, दर दोन तासांनी कूस बदलायला लावली. माझ्या विद्यार्थ्याच्या घरी हे काम त्याची आई करते, रात्री गजर लावून. तिला कोणी जिद्दी म्हणत नाही, आणि मदतीलाही कोणी येत नाही.

दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६चा. नियम आल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारतींतही अशा माणसांना जाता आलं पाहिजे, असं त्यात लिहिलंय. नियम २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. मध्यंतरी इथल्या एका सभागृहात 'जिद्द' या विषयावर व्याख्यान होतं. त्याला मुद्दाम बोलावलेलं. दाराशी अकरा पायऱ्या, रॅम्प नाही. चौघे खुर्ची उचलायला सरसावले. तो नको म्हणाला आणि घरी परतला. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, "बघा, मनाने खचलाय."

मी त्या सभागृहाच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिलंय. घरच्या मंडळींना एवढंच सांगणं, पुढच्या वेळी त्याच्याकडे जाल तेव्हा ते वाक्य घरी ठेवून जा. कूस कशी बदलायची ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि एक रात्र त्याच्या आईला झोपू द्या.