सीमाकाठ : गटात नसलेल्यांचा हिशेब

समाजमाध्यमांवर यावे की नाही, हा प्रश्न आता कर्नाटकाच्या सीमाभागातल्या औराद-भालकीकडच्या घरांतही निघतो. उत्तर देताना जो तो आपापला हिशेब मांडतो. वेळ वाया जातो, झोप मोडते, पोरांचे अभ्यासातले लक्ष उडते. उलट बाजूला नातेवाईक जोडलेले राहतात, बाजारभाव कळतात, नोकरीची जाहिरात हाती येते. हा हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे. त्यात फक्त वापरणाऱ्याचा नफा-तोटा धरलेला असतो. आपल्या भागात समाजमाध्यमांची सर्वांत मोठी किंमत ज्याने मोजली, तो अफवा फिरवणाऱ्या व्हॉट्सॲप-गटात नव्हताच.

१३ जुलै २०१८ रोजी बीदर जिल्ह्यात काय घडले, ते इथे पुन्हा सांगणे भाग आहे. हैदराबादकडून आलेले काही मित्र हंदीकेरा गावाजवळ थांबले आणि त्यांनी शाळेच्या मुलांना चॉकलेटे दिली. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत फोनवर येतच होते. संशय आला, बाचाबाची झाली, माणसे गाडी घेऊन निघाली. गाडी पुढच्या गावी पोहोचण्याआधी तिची खबर व्हॉट्सॲपवरून मुर्की गावात पोहोचली होती. तिथे रस्ता अडवलेला होता. गाडी उलटली आणि जमाव तुटून पडला. एक तरुण अभियंता जिवानिशी गेला, त्याचे सोबती गंभीर जखमी झाले, सोडवायला आलेल्या पोलिसांनाही मार बसला. मारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या माणसांना आधी कधी पाहिलेही नव्हते. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला होता. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या या लोकांची बाजू मांडणारे तिथे कोण असणार होते?

यावर कोणी म्हणेल, अफवा काय फोनने आणल्या? पोरे पळवणाऱ्यांच्या गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबांनीही ऐकल्या होत्या. खरे आहे. पण पूर्वी अफवा माणसाच्या पायांनी चालायची. ती पोहोचेपर्यंत अनोळखी माणूस पुढे निघून गेलेला असे, किंवा त्याची विचारपूस करायला गावातल्या शहाण्यासुरत्यांना सवड मिळे. मुर्कीत ही सवडच उरली नाही. शिवाय गटातला संदेश ओळखीच्या माणसाकडून येतो. पाठवणारा आपला चुलत भाऊ असतो, शाळेतला सोबती असतो. त्याच्यावरचा विश्वास आपण नकळत त्या बातमीवर टाकतो, आणि ती त्याने स्वतः पाहिलेली तरी आहे का, हे विचारायचे राहून जाते.

दुसरा आक्षेप असा की कंपनी आणि कायदा हे बघून घेतील. मुर्कीनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एकावेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली; २०२० च्या एप्रिलमध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. देशभर पसरणाऱ्या अफवेला याने नक्कीच आळा बसतो. पण हंदीकेऱ्याहून मुर्कीला खबर जायला पाच ठिकाणांची गरजच काय? एक गट पुरे. कायद्याचे म्हणाल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी गटप्रमुखाला, समान हेतू असल्याशिवाय, जबाबदार धरता येत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले. ते न्यायाला धरूनच आहे, पण त्यामुळे विचार करण्याचे ओझे पाठवणाऱ्यावरच येऊन पडते. मुर्की प्रकरणात सुमारे तीस जणांना अटक झाली, तीही माणूस गेल्यानंतरच.

मग यातून बाहेरच पडावे का? सीमाभागातल्या मराठी माणसाला तसे सांगणे मला अन्यायाचे वाटते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यातला बीदर जिल्हा तीन वाटांनी फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, उरलेला भाग म्हैसूरमध्ये. जिल्हा फुटला, सोयरिकी फुटल्या नाहीत. औरादची लेक उदगीरला दिलेली असते, बसवकल्याणचा मामा उमरग्याला असतो. लातूर-सोलापूरच्या मराठी वृत्तपत्रांना कर्नाटकातली ही गावे दूरची, आणि बंगळुरूच्या कन्नड वृत्तपत्रांत इथल्या मराठी शाळेच्या रिकाम्या वर्गाला जागा मिळणे कठीण. कलबुर्गीच्या तुरीचा आणि उदगीरच्या सोयाबीनचा भाव एकाच सकाळी बघता येणे, मराठी शाळेत शिक्षक नाही ही तक्रार सीमेपलीकडे ऐकू जाणे, हे या माध्यमांनी दिले आहे. दुसऱ्या कोणी ते दिले नव्हते. आणि विचारी माणसांनी गट सोडले, तर ‘हे कोणी पाहिले?’ असे विचारणारा गटात उरणार नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : या माध्यमांवर यावे, पण गटात नसलेल्या माणसाची जबाबदारी घेऊन यावे. औराद, कमलनगर, भालकी, आळंदच्या गटप्रमुखांना माझी विनंती आहे. गटात फक्त प्रमुखालाच लिहिता येईल, अशी सोय २०१८ पासून उपलब्ध आहे. गाडीचा क्रमांक, अनोळखी माणसाचा फोटो, ‘टोळी आली’ असा संदेश दिसला की त्या क्षणी गट बंद करा आणि ११२ ला फोन लावा. खात्री झाल्यावर गट पुन्हा उघडता येतो.