मान कोणाचा, आज्ञा कोणाची?

१० जानेवारी २०२० रोजी उस्मानाबादेत (आजच्या धाराशिवात) ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले, तेव्हा अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ख्रिस्ती धर्मगुरू होते. काहींनी त्यांच्या धर्मावरून निवडीला विरोध केला. संमेलन मात्र पार पडले. मराठीत 'सुबोध बायबल' आणणाऱ्या या धर्मगुरूने हरित वसईच्या चळवळीत जमीन आणि पाणी वाचविण्यासाठी सत्ता व बिल्डर यांच्याशी झुंज दिली होती. आईबापांचा मान राखा, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, असे शिकविणारा धर्म अशी माणसे कशी घडवितो?

उत्तर त्या शिकवणीतच आहे. मातापित्यांच्या सन्मानाची आज्ञा पोरांना गप्प बसविण्यासाठी आहे, हा आपला सोयीचा समज. आपले धन 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर करून वृद्ध आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्या धर्ममार्तंडांवर येशूने कोरडे ओढले. मान म्हणजे नमस्कार नव्हे. भाकरी आणि औषध. पौलाने मुलांना आज्ञापालन सांगितले, तसेच मुलांना चिरडीस आणू नका, असे बापांनाही बजावले.

सत्तेचेही तेच. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय राज्यकर्त्यांना नेहमीच प्रिय राहिला. पण माणसांपेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ, असे न्यायसभेला सुनावणारे प्रेषितही त्याच ग्रंथात आहेत. हिटलरला विरोध करणारे जर्मन धर्मगुरू बोनहोफर ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर गेले. आपल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण एका पुरोहितशाहीचे जू झुगारल्यावर दुसरीचे मानेवर घ्यायचे नाही, असे त्यांनी तेथील धर्मभगिनींना स्पष्ट कळविले. मातृभक्त साने गुरुजींनीही मे १९४७ मध्ये पंढरपुरात बडव्यांच्या सत्तेपुढे प्राण पणाला लावलेच.

आता आपल्या घरात डोकावू. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मागे उरतात म्हातारी माणसे. या मुलांनी आईबापांचा अनादर केला, असे कोण म्हणेल? अनादर केला तो ज्या व्यवस्थेने त्यांना गावात काम दिले नाही, तिने. सरकारने योजनेला 'श्रावणबाळ' असे पवित्र नाव दिले. २०२३ मध्ये मासिक रक्कम १००० वरून १५०० रुपये केली. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा तर महिना २०० रुपयेच! २००७ च्या कायद्याने मुलांवर पालनपोषणाची जबाबदारी टाकली. पण ज्याच्या हाताला काम नाही, त्या मुलाने कशातून पोसावे? नाव श्रावणाचे आणि कावड रिकामी, हेही एक 'कुर्बान'च.

म्हणून बेंबळीच्या कार्यकर्त्यांना एक काम सुचवितो. घरोघर जाऊन एकाकी वृद्धांची यादी करा. कोणाचा अर्ज अडकला, कोणाचे पैसे थांबले, ते लिहा आणि यादी घेऊन तहसीलवर जा. तेथील अधिकाऱ्याशी सभ्यतेने बोला; पण उत्तर घेतल्याखेरीज उठू नका. आणि परतल्यावर पक्षातल्या वडीलधाऱ्यांनाही प्रश्न विचारा. जो प्रश्न सहन करीत नाही, त्याला मान मिळत नाही. मिळते ते केवळ भय. समाजवाद भयावर उभा राहत नाही.