ट्रॅक्टरचे गिअर मोजू नका, त्यांचे वेग पाहा

किल्लारी, औसा, निलंगा या पट्ट्यात ट्रॅक्टर घ्यायचा ठरला की हॉर्सपॉवरच्या खालोखाल चर्चा होते ती गिअरची. आठ पुढचे आणि दोन मागचे हा वर्षानुवर्षांचा हिशेब. महिंद्राचा ५७५ डीआय याच हिशेबाचा. युवोच्या रांगेत बारा-तीन आले, अर्जुन नोवोमध्ये पंधरा-तीन. त्यातून एक समज घट्ट होत चालला आहे की जितके गिअर जास्त तितका ट्रॅक्टर पुढारलेला, आणि आठ गिअरचा म्हणजे मागच्या पिढीचा. हा समज मला चुकीचा वाटतो, आणि तो महागातही पडतो, कारण कर्ज काढून घेतलेल्या यंत्राची निवड त्यावर होते. गिअर जास्त असणे वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. नुसत्या संख्येवरून काहीच कळत नाही, एवढेच म्हणणे आहे.

या समजाच्या बाजूने पहिला दाखला दिला जातो तो मोटारींचा. ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार पाचाच्या सहा, सहाच्या आठ, आठाच्या दहा गिअरवर गेल्या, मग ट्रॅक्टरने मागे का राहावे? पण हा दाखला नीट तपासला तर तो उलट बाजूने बोलतो. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स २००९ मध्ये बाजारात आला आणि वेगवान गाड्यांमध्ये सर्वत्र पसरला. त्याचे यश नुसत्या आठ या आकड्यात नाही. चार ग्रहीय दंतचक्रसंच आणि पाच क्लच-ब्रेक एवढ्यातच त्यांनी आठ गिअर बसवले, आणि कोणत्याही गिअरमध्ये पाचपैकी दोनच सुटे राहतील अशी रचना केली. सुटा क्लच तेलात घासत फिरतो आणि ताकद खातो. तो तोटा कमी झाला. पुढे जनरल मोटर्सने २०१७ च्या कॅमॅरो झेडएल१ साठी दहा गिअरचा ऑटोमॅटिक दिला. त्याच कंपनीने २०२० ची कॉर्व्हेट आणली तेव्हा तिला ड्युअल-क्लच गिअरबॉक्स दिला, तो आठ गिअरचा. दहा गिअर बनवणे जमत असूनही आपल्या सर्वांत नावाजलेल्या स्पोर्ट्स कारला त्यांनी आठच दिले. इंजिन किती फेऱ्यांच्या पट्ट्यात जोर देते, गिअर बदलायला किती वेळ जातो, गिअरबॉक्सचे वजन किती, हे सारे धरून तो आकडा ठरतो. इलेक्ट्रिक मोटार पहिल्या फेरीपासून जोर देते, म्हणून बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या एकाच गिअरवर धावतात. त्यांना कोणी मागासलेले म्हणत नाही.

शिवाय मोटार आणि ट्रॅक्टर यांच्यात एक मूलभूत फरक आहे. ऑटोमॅटिक गाडी सेकंदाच्या छोट्याशा अंशात गिअर बदलते आणि वेग तुटू देत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या ट्रॅक्टरचा पल्टी नांगर काळ्या जमिनीत उतरलेला असताना क्लच दाबला की ट्रॅक्टर जागेवर उभा राहतो. म्हणून गिअर बांधावर, वळणावर निवडला जातो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंतची पूर्ण फेरी त्याच गिअरात काढली जाते. मोटारीत गिअर ही वेगाकडे चढत जायची शिडी असते. ट्रॅक्टरला त्यातली एकच पायरी लागते, पण ती नेमकी हवी तिथे असावी लागते.

आता हिशेब मांडून पाहू. समजा एका ट्रॅक्टरचे आठ गिअर ताशी २.५ किलोमीटरपासून ३० पर्यंत सारख्या पटीत पसरले आहेत. मग वेग साधारण २.५, ३.६, ५.१, ७.३ असे पडतात आणि पुढचे चार दहाच्या वर जातात. दुसऱ्याचे पंधरा गिअर दीडपासून ३३ पर्यंत तसेच पसरले आहेत. रोटाव्हेटर, पेरणी, नांगरट, मोगडणी ही आपली जवळजवळ सगळी शेतातली कामे अडीच ते आठ किलोमीटरमध्ये होतात. त्या पट्ट्यात पहिल्याचे चार गिअर येतात आणि दुसऱ्याचे पाच. संख्या जवळजवळ दुप्पट, पण रानात कामाला आला एकच जास्तीचा गिअर. बाकीचे कुठे गेले? काही अतिसंथ चालीत, काही डांबरी रस्त्यावर. लो, मीडियम, हाय अशा तीन पट्ट्या असल्या की एका पट्टीचा वरचा गिअर आणि पुढच्या पट्टीचा खालचा गिअर यांचे वेग जवळपास सारखेही येऊ शकतात. कागदावर ते दोन, कामात एकच. उलट बारा गिअरच्या एखाद्या ट्रॅक्टरने त्यातले सात याच पट्ट्यात बसवले असतील, तर तो पंधरावाल्यापेक्षा निश्चित सरस.

हा एक गिअर किती मोलाचा असतो ते रोटाव्हेटरवर कळते. अवजाराला ताकद पोचवणारा पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरावा असे मानक आहे आणि इंजिनाच्या ठरावीक रेसवरच त्या मिळतात. वाफसा आलेल्या भारी रानात ताशी ३ किलोमीटरची चाल हवी आहे, पण गिअर आहेत २.५ आणि ३.६ चे, असे धरू. वरच्या गिअरात टाकून रेस कमी केली तर चाल ३ वर येते, पण पीटीओ ५४० वरून ४५० वर उतरतो. चाल तीच ठेवून पाती मंद फिरली की प्रत्येक पाते जमिनीचा मोठा घास घेते, आणि काळ्या मातीत त्याची ढेकळे राहतात. खालच्या गिअरात गेले तर माती भुसभुशीत होते, पण सहा फुटी रोटाव्हेटरचे वळणे सोडून तासाला १.३६ ऐवजी १.१३ एकर होते. एकरावर भाडे घेणाऱ्याला हा फरक दिवसभर सोसावा लागतो, आणि पेरणीच्या तोंडावर वाफसा कोणासाठी थांबत नाही. इथे ३ किलोमीटरचा गिअर असता तर प्रश्नच नव्हता. म्हणून जास्त गिअर निरुपयोगी म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. जवळजवळचे गिअर हवेतच, फक्त ते कामाच्या चालीत हवेत.

जास्त गिअरच्या बाजूने सांगितला जाणारा डिझेलचा मुद्दा खरा आहे. हलक्या पाळीला किंवा रिकाम्या ट्रॉलीला वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवली की इंधन वाचते, आणि गिअर जवळजवळ असले तर हे चांगले साधते. मात्र ५४० फेऱ्या लागणाऱ्या कामात रेस उतरवता येत नाही, त्यामुळे ही बचत सगळीकडे मोजू नये. अतिसंथ गिअरचा मुद्दाही मान्य. रोपे लावण्याचे यंत्र किंवा चर खोदणारे अवजार चालवणाऱ्याला तो गिअर अत्यावश्यक आहे. पण सोयाबीन-तूर-हरभऱ्याच्या रानात ज्याच्या ट्रॅक्टरचे आयुष्य मोगडा, रोटाव्हेटर, पेरणी आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या यांत जाणार आहे, त्याने न वापरायच्या गिअरचे पैसे का द्यावेत? सोयाबीनसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने रुंद वरंबा सरीचा आग्रह धरला, त्या पेरणीतही चाल बेताची आणि एकसारखी हवी. चाकावर फिरणारी पेरणीपेटी जोरात पळवली की बियाणे चुकते. त्या चालीचा एक गिअर असला की पुरे.

राहिला पुढे विकताना मिळणाऱ्या किमतीचा युक्तिवाद. तो बाजाराच्या समजावर उभा आहे आणि समज बदलला की तोही बदलेल. जास्त गिअर म्हणजे जास्त दंतचक्रे, जास्त बेअरिंग. तालुक्याच्या गावात गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर काम वाढते, हेही त्याच तराजूत टाकायला हवे. माझ्या मते संख्येपेक्षा गिअर कसे गुंततात हे जास्त महत्त्वाचे आहे. जुन्या सरकत्या गिअरपेक्षा सतत गुंतलेले गिअर कमी झिजतात आणि सहज पडतात. उसाची भरली ट्रॉली चढावर असताना चालकाला त्याचा खरा आधार वाटतो.

तेव्हा विक्रेत्याला विचारायचे ते एवढेच: इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर प्रत्येक गिअरचा वेग किती, त्याचा तक्ता दाखवा. तो ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते, तिच्या अहवालातही वेग आणि पीटीओची ताकद नोंदलेली असते. तक्त्यात २.५ ते ८ मधले आकडे पेन्सिलीने अधोरेखित करावेत, आणि ५४० फेऱ्या इंजिनाच्या किती रेसवर मिळतात ते शेजारी लिहावे. मग प्रात्यक्षिक मागावे, पण शोरूमसमोरच्या मोकळ्या जागेत नाही, आपल्या वाफशाच्या रानात, आपलाच रोटाव्हेटर जोडून, आणि मागे पडणारी ढेकळे हाताने फोडून पाहावीत.